आवाज आधी येतो

ह्यांनी अंथरूण धरलं तेव्हा मुलाने पार्सलने स्पीकर पाठवला. वर ह्यांच्या उशाशी जुना फोन, खाली स्वयंपाकघरात ओट्यावर स्पीकर. फोनने ऐकायचं, वाय-फायवरून स्पीकरने बोलायचं.

"आता सारखा जिना चढायला नको, आई."

हे वरून म्हणाले, "पोराने स्वतःच्या बदली डबा पाठवला. मला त्याला एकदा डोळे भरून बघायचंय गं."

आवाज अडकायचा. मुलगा फोनवरून सांगायचा, राउटर बंद कर, चालू कर, ॲप काढून परत टाक. वाचायला मी साठीत शिकले, ह्यांच्याचकडून. 'पुन्हा जोडत आहे' एवढं वाचून दाखवता यायचं. शेवटी आवाज स्वच्छ झाला.

एका सकाळी स्पीकरमधून खोकला आला, शेवटी "आई गं". पाणी घेऊन वर गेले तर हे गाढ झोपेत. मी वळले, तेवढ्यात ह्यांनी डोळे उघडले आणि खोकले. अगदी तसेच. शेवटी "आई गं".

मुलगा हसला. "आवाज उशिरा येऊ शकतो, आई. आधी कसा येईल? वर जाऊन टाळी वाजव, मी इथून ऐकतो."

माझा फोन चालू ठेवून स्पीकरजवळ ठेवला. अर्ध्या जिन्यात गुडघा अडला, परत आले.

"आली टाळी. खणखणीत. झालं समाधान?"

"अरे, मी अजून वर गेलेच नाही."

"मग जा ना!"

गेले. रागानेच वाजवली, खणखणीत. खाली आले तर म्हणतो, "आता काहीच नाही आलं. नेटवर्कचा घोळ आहे. बफर वाढवतो."

त्याने काय वाढवलं कोण जाणे. स्पीकरमधला खोकला आणि ह्यांचा खरा खोकला, ह्यांतलं अंतर मात्र वाढत गेलं. आधी चहाला उकळी येईपर्यंतचं, मग सकाळचं ते संध्याकाळी.

एका दुपारी भाजी चिरताना ह्यांचा आवाज आला. धाप नाही, घरघर नाही. तरुणपणी कामावर निघताना असायचा तसा.

"येतो गं."

घरातून निघताना 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं, हे ह्यांनीच मुलाला बोट धरून शिकवलं होतं.

मी फोन लावला. "आजच्या आज निघ."

"आई, सेटिंग बघतोय ना मी. बरं, येतो." आणि ठेवला.

कुठला 'येतो', ते मला कळलं.

वर जाऊन ह्यांचा हात धरून बसले. दुसऱ्या दिवशी हे म्हणाले. तसंच.

मग मुलगा आला. सगळं उरकलं. वरचा फोन त्याने बॅगेत टाकला, स्पीकरची वायर काढून गुंडाळली, स्पीकर ओट्यावरच ठेवला. "आता काय उपयोग ह्याचा."

दारातून म्हणाला, "येतो, आई."

गाडी वळली.

ओट्यावरून बाईमाणसाचा आवाज आला. धाप नसलेला.

"येते रे."

माझाच होता. मी अजून तोंड उघडलं नव्हतं.