दासियसचं अस्तर

कापुआच्या गुलाम लढवय्यांच्या तालमीत त्या सकाळी जवाची पेज रटरटत होती. शस्त्रागाराच्या दारात म्हातारा ओनेसिमस टोपाला नवं लोकरीचं अस्तर लावत बसला होता.

मुकात्रा जन्मानं थ्रेसचा. पण वाकडी तलवार घेऊन 'थ्रेसी' म्हणून आखाड्यात उतरायचे ते गॉलकडचे गडी, आणि याच्या वाट्याला आला होता जाळेवाल्याच्या मागे लागणाऱ्या पाठलाग्याचा टोप. समोरच्याचं जाळं अडकू नये म्हणून अंड्यासारखा गुळगुळीत. त्याचा त्रिशूळ शिरू नये म्हणून डोळ्यांपुरती दोन भोकं. आज दुपारी जिंकला, तर मालक लाकडी तलवार हाती देणार होता. ती मिळाली की माणूस सुटला. फाटकाबाहेर बायको, प्रिमिला, गाठोडं बांधून बसली होती.

त्यानं टोप घातला, मान झटकली. भोकं घसरून गालावर आली.

"डुलतोय रे. आंधळा होऊन लढू काय?"

"तुझं डोकं म्हणजे कांदा," ओनेसिमस म्हणाला. "टोप तुझ्याआधीच्या दासियसच्या भोपळ्याच्या मापाचा."

"दासियसला तर गच्च बसायचा. त्याचं अस्तर कुठाय?"

म्हाताऱ्याची सुई थांबली. मेलेल्याचं अस्तर त्याच्याच चितेवर जाळायचं, ही तालमीची रीत. "त्या दिवशी पाऊस होता," तो पुटपुटला. "राहून गेलं."

"मग दे की."

"अरे, मेलेल्याचा घाम आहे तो!"

"घाम जिता होता तेव्हाचा. दे, म्हाताऱ्या. एवढी एकच दुपार."

जुनं अस्तर जाड होतं, टोप घट्ट बसला. भोकं नेमकी डोळ्यांवर आली. फक्त लोकर ओलसर लागली, कोमट लागली. आणि दासियस तर वसंतातच गेला होता.

टोपात माणसाला स्वतःचा श्वास तेवढा ऐकू येतो. मुकात्रा तो ऐकत उभा राहिला. मग आवंढा गिळायला थांबला.

श्वास थांबला नाही.

त्यानं टोप काढला. म्हाताऱ्याला सांगितलं असतं, तर ते डुलणारं नवं अस्तर गळ्यात पडलं असतं.

दुपारी वाळू तापून पांढरी झाली होती. शिंगं वाजली. जाळेवाला सीरियाचा, उघड्या तोंडाचा, हसऱ्या दातांचा. "ये रे माशा, ये! टोपात उकडून शिजलास का?" लोक खिदळले.

मुकात्रानं ढाल उचलली. आत दोन श्वास चालू होते. एक त्याचा, धापांचा. दुसरा सावकाश.

एकाएकी दुसरा श्वास अडला.

मुकात्रा वाकला, का, ते त्याला कळलं नाही. जाळं पाठीवरून सळसळत गेलं.

पुन्हा अडला. तो डावीकडे सरला. त्रिशूळ कानाजवळून गेला.

तिसऱ्यांदा अडला, तेव्हा त्यानं वाट पाहिली नाही, ढालीसकट अंगावर गेला.

जाळेवाला वाळूत पडला होता, बोट वर करून दया मागत. लोकांनी ती दिली.

लाकडी तलवार काखेत धरून मुकात्रा शस्त्रागारात आला. ओनेसिमसनं टोपात हात घातला आणि तसाच थबकला.

"अस्तर कोरडं ठाक आहे. घाम नाही आला तुला?"

"जाळ ते. आत्ता. माझ्यासमोर. आत दुसरं कुणी श्वास घेत होतं."

म्हाताऱ्यानं ते भट्टीत टाकलं. लोकर पेटली, आक्रसली, राख झाली. रिकामा टोप कानाशी लावून त्यानं ऐकलं.

"काही नाही. गेला बिचारा."

फाटकाबाहेर ऊन उतरलं होतं. प्रिमिला हसत आली, रडत आली. "आता जव नको हं घरात! गव्हाची भाकर करीन तुला." तिनं त्याच्या हनुवटीखाली डोकं टेकलं. थोड्या वेळानं म्हणाली, "आलास तेव्हा धापा टाकत होतास. आता किती सावकाश चाललाय रे तुझा श्वास."

मुकात्रानं डोळे मिटले. श्वास छातीत रोखून धरला, गच्च.

मग हळूच डोळे उघडून खाली पाहिलं. तिच्या कपाळावरची बट, त्याच्या ओठांजवळची, सावकाश हलत होती.