मचाणावरचा होकार

ही गोष्ट खरी आहे. ज्यांच्यावर गुदरली ते वामनराव माझे सख्खे मामा, आणि शेवटचा प्रसंग तर माझ्या डोळ्यांसमोर घडला.

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

गाव आर्णी तालुक्यातलं. नाव सांगत नाही, कारण यातली बरीच माणसं अजून तिथेच राहतात. गावाच्या टोकाला जंगल सुरू होतं. जंगलाला लागून दोन वावरं आहेत. एक वामनरावांचं, दुसरं रामलाल राठोडचं. मधे फक्त धुरा, म्हणजे बांध, आणि धुऱ्यावर पळसाची झाडं.

जंगलातली रानडुकरं सांज झाली की वावरात उतरायची. हरभरा नांगरल्यासारखा उलथून टाकायची. म्हणून दोघांकडेही पीक राखायला परवान्याच्या भरमार, म्हणजे ठासणीच्या, बंदुका होत्या, आणि डुकरं मारायची परवानगीही होती. आपापल्या वावरात दोघांनी मचाण बांधलं होतं. समोरासमोर.

भांडण तिथूनच सुरू झालं.

वामनरावांच्या गोळीनं जखमी झालेलं डुक्कर धुरा ओलांडून रामलालच्या वावरात पडायचं. रामलाल म्हणायचा, माझ्या वावरात पडलं ते माझं. कधी रामलालचे छर्रे वामनरावांच्या मचाणावरच्या टिनावर खडखड वाजायचे. एकदा तर वामनराव धुऱ्यावर उभे होते आणि छर्रे कानाजवळून गेले. त्या दिवशी काठ्या निघाल्या. रामलालचं डोकं फुटलं, वामनरावांचं मनगट मोडलं.

शेवटी गावच्या पोलीस पाटील विमलताईंनी दोघांना आपल्या ओसरीवर बसवलं.

"एक दिवस डुकराच्या जागी माणूस पडंल," त्या म्हणाल्या. "तवा मी पंचनामा करू काय तुमचा?"

मग त्यांनीच तोड सांगितली.

"तिथं मोबाइलले रेंज नाई. मंग तोंडानं हाक मारा. मचाणावर चढलं की विचारायचं, हाय काय होऽऽ? समोरच्यानं म्हणायचं, हाव, मचाणावरच हाय! उत्तर आलं तरच बंदुकीत बार भरायचा. उत्तर नाई आलं, तर समजायचं का माणूस खाली वावरात आहे. बंदूक खांद्याले अडकवायची न् घरी जायचं. न् जखमी जनावर दुसऱ्याच्या वावरात गेलं, तर एकमेकाले बोलावल्याबिगर कोणीच हात लावायचा नाई. कबूल?"

दोघांनी मान हलवली.

आणि खरंच सांगतो, तो नियम चालला. दोन हंगाम एक कुरबूर नाही. उलट सांजेला त्या हाकांची सवयच झाली. माझी मामी हंसाबाई घरी चूल पेटवताना म्हणायची, "झाली यांची आरती सुरू."

मग ती सांज आली. दिवाळीनंतरची. थंडी नुकतीच पडायला लागली होती.

त्या दुपारी वामनरावांना कळलं, की त्यांनी आदल्या दिवशी जखमी केलेलं डुक्कर रामलालच्या नाल्यात मरून पडलं होतं आणि रामलालनं ते परस्पर ओढून नेलं. न बोलावता. न विचारता. वामनरावांच्या डोक्यात तिडीक गेली. रागातच ते मचाणावर चढले. नियम म्हणून हाक मारली.

"हाय काय होऽऽ?"

उत्तर नाही.

पुन्हा मारली.

काहीच नाही. मग बऱ्याच वेळानं... पलीकडून काहीतरी आलं. शब्द नव्हता. कण्हल्यासारखं, लांबवलेलं...

वामनरावांना वाटलं, लेकाचा वाकुल्या दाखवून राहिला. डुक्कर चोरलं, आता उत्तरही देत नाही. ते खाली उतरले. बंदूक खांद्याला अडकवली आणि घरी गेले. नियमात तसंच होतं ना!

सकाळी रामलालची बायको रुपीबाई नवऱ्याला शोधत वावरात गेली.

रामलाल मचाणावरून पडला होता. दवानं ओल्या झालेल्या लाकडी बल्लीवरून पाय घसरला असावा. कंबर मोडली होती. पण तो मचाणाखाली सापडला नाही. तो सापडला धुऱ्याशी. मचाणापासून धुऱ्यापर्यंत हरभऱ्यात एक लांब खरड पडली होती. कोपरांनी अंग ओढत तो आला होता.

वामनरावांच्या मचाणाच्या दिशेनं.

डॉक्टर म्हणाले, लवकर आणला असता तर वाचला असता. वामनरावांनी ते ऐकलं. कण्हण्याचं कोणाला सांगितलं नाही. मामीलाही नाही.

तेरवी झाली. रामलालची बंदूक ठाण्यात जमा झाली. त्याचं वावर ओस पडलं आणि डुकरांना मोकळं रान मिळालं. वामनराव पुन्हा मचाणावर बसू लागले. समोर कोणी नाही, तेव्हा हाक मारायचं कारण नव्हतं.

पण तोंडाला सवय. एका सांजेला हाक निघून गेली.

"हाय काय होऽऽ?"

समोर रामलालच्या रिकाम्या मचाणाखाली डुकरांचा कळप होता. हाक ऐकताच कळप दचकला. सगळ्यांनी मुसकटं वर केली. डुकरं पळायच्या बेतात होती...

आणि वरून उत्तर आलं.

"हाव! मचाणावरच हाय!"

रामलालचा आवाज. जरा खरखरीत, जसा होता तसाच.

वामनरावांच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण त्यांना जास्त भीती वाटली ती डुकरांची. माणूस नुसता खोकला तरी उधळणारं ते जनावर. आवाज बरोबर त्यांच्या डोक्यावरून आला होता. एकाही डुकरानं वर पाहिलं नाही. कळपानं माना खाली घातल्या आणि तो पुन्हा चरायला लागला.

जणू कोणी बोललंच नव्हतं.

वामनरावांनी ते मचाण सोडलं ते सोडलंच. पीक गेलं तरी चालेल म्हणाले. मामीनं कारण विचारलं, तर म्हणाले, "गुडघे दुखून राह्यले."

पुढच्या वर्षी रामलालचा मुलगा अंकुर परत आला. पांढरकवड्याला हायवेवर टायरच्या दुकानात कामाला होता तो. तिथूनच वर्षभर खेटे घालून त्यानं बापाचा परवाना आपल्या नावावर करून घेतला होता. पोरगा मोठा सरळ. पहिल्याच दिवशी वामनरावांच्या पाया पडून म्हणाला, "काका, याडीनं सांगितलं मले, बाबा न् तुमचा नेम काय होता ते. मी बी तसंच करीन. उत्तर आल्याबिगर बार भरणार नाई."

आईला तो याडी म्हणायचा. वामनरावांनी नुसती मान डोलावली. मी आता मचाणावर बसत नाही, एवढं सांगायचं होतं. पण त्या पोराच्या तोंडाकडे पाहून शब्द फुटला नाही.

दोन-तीन दिवसांतली गोष्ट. दिवस कलला होता. वामनराव विहिरीवर मोटर बंद करत होते. त्यांचा मुलगा अमर धुऱ्याजवळच्या तुरीत शिरला होता. तुषार सिंचनाचे पाइप उचलून आणायला त्यांनीच त्याला धाडलं होतं.

पलीकडून अंकुरची हाक आली.

"काका... हाय काय होऽऽ?"

वामनरावांनी मान वर केली. थांब, पोरगं तुरीत आहे, असं ओरडायला तोंड उघडलं...

त्याआधी उत्तर गेलं होतं.

"हाव! मचाणावरच हाय!"

तो आवाज वामनरावांच्या मचाणावरून आला होता. मचाण रिकामं होतं. ते त्यांना विहिरीवरून साफ दिसत होतं.

आणि आवाज... त्यांचा स्वतःचा होता.

माणूस आपला आवाज फोनमध्ये रेकॉर्ड करून ऐकतो, तेव्हा जसा परका पण ओळखीचा वाटतो, तसा.

ते ओरडले. म्हणजे ओरडायला गेले. घशातून नुसती हवा निघाली. हात हलवले, पळत सुटले, नालीत पडले, उठले. तूर माणसापेक्षा उंच झालेली. पलीकडे अंकुर बार भरत होता. तुरीचे शेंडे हलत होते. अंकुरला वाटलं, डुक्कर.

बार उडाला.

मग अमरची किंकाळी. आणि तेव्हा, अगदी तेव्हाच, वामनरावांचा आवाज परत आला.

अमर वाचला. डावा डोळा गेला.

पोलिसांनी अंकुरला नेलं. तो एकच सांगत राहिला, "काकांनी होकार देला होता. देवाशप्पथ देला होता." आणि यवतमाळच्या दवाखान्यात अर्ध्या तोंडाला पट्टी बांधलेला अमरही तेच म्हणाला.

"मी ऐकलं ना, बाबा. तुमचाच आवाज होता. मले वाटलं, वरून पाहून राह्यले तुम्ही. मी तुरीत आहे, तुम्हीच तर धाडलं मले. मंग काहून होकार देला?"

अमरची बायको सलोनी सासऱ्यासमोर पदर तोंडात घालून रडत होती.

संध्याकाळी रुपीबाई आली. आत आली नाही. दवाखान्याच्या पायरीवर बसली. वामनराव बाहेर आले तशी उठली.

"भाऊ, माह्या पोराले तुरुंगात नका टाकू," ती म्हणाली. "तुम्ही होकार देला होता एवढं सांगा. तुमच्या तोंडून निघालं, तर त्याचा गुन्हा हलका होईन म्हणे."

मग पदर सावरून ती पुढं म्हणाली,

"माह्या माणसानं बी त्या दिवशी तुमाले आवाज देला असंल. धुऱ्यापर्यंत आलता ना तो. तुमाले ऐकू आला नसंल, माहीत आहे मले. ऐकू आला असता, तर तुम्ही धावले असते. तुमाले मी कधी दोष देला नाई."

एवढं बोलून तिनं हात जोडले.

मामा मला नंतर म्हणाले, तिनं चपलेनं मारलं असतं तर सोसलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बयान दिलं. विमलताई हजर होत्या.

"होकार मीच देला. पोरगं तुरीत आहे, हे ध्यानात राह्यलं नाई."

विमलताईंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "वामनराव, मचाणावर तर तुम्ही वर्षभरात चढले नाई."

"त्या सांजेले चढलो होतो," मामा म्हणाले.

अंकुर जामिनावर सुटला. त्यानं बंदुकीचा परवाना परत केला आणि आईला घेऊन गाव सोडलं. अमरही गेला. डोळ्याची जखम भरताच सलोनीला घेऊन पांढरकवड्याला राहायला लागला. बापाशी बोलणं बंद. हंसामामी फोन करायची. तिच्याशी बोलायचा, पण बापाचं नाव निघालं की फोन कापायचा. गावातही लोक मामांना पाहून विषय बदलायचे. एका माणसानं स्वतःच्या पोरावर बार उडवून घेतला, असं मागून बोलायचे.

मामांनी सगळं सोसलं. फक्त मला एकदा सांगितलं. खरं काय ते. "एक दिवस अमरले सांगीन," म्हणाले. "केस संपली का सांगीन. तो तरी मानंल."

आता शेवटचा प्रसंग.

गेल्या उन्हाळ्यात मी गावी गेलो होतो. भर दुपार. मामी शेजारी पापड लाटायला गेलेली. मी आणि मामा दोघंच घरात. मामा बाजेवर पडले होते. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

अमरचा फोन होता.

मामांनी फोन माझ्या हातात दिला. मी तो स्पीकरवर टाकला आणि त्यांच्या तोंडासमोर धरला.

"बाबा..." अमर म्हणाला. आवाज मऊ होता. "सलोनीले दिवस गेले आहेत. उद्या पोरगं विचारीन, आबाजी कुठं राह्यते. मले तुमच्याशी बोलाचं आहे. पण एकदा खरं सांगा. मी कोणाले नाई सांगणार. त्या सांजेले होकार तुम्हीच देला होता काय?"

मामा उठून बसले. डोळे भरून आले होते. इतक्या दिवसांनी कोणीतरी विचारलं होतं. त्यांनी ओठ उघडले...

घशाची घाटी वरखाली झाली.

आवाज नाही.

मी म्हणालो, "मामा, बोला ना."

त्यांनी माझा दंड पकडला. तोंड उघडं, मान ताणलेली, आणि नुसती हवा. बाहेर कोंबड्या कलकलत होत्या, त्याही एकाएकी गप्प झाल्या. मग फोनमधून अमरचा आवाज आला. मघाचा मऊपणा त्यात राहिला नव्हता.

"...बरं. म्हणजे तुम्हीच. झालं. आता नाई विचारणार."

फोन बंद.

मी लगेच माझ्या फोनवरून लावला. "अमर, अरे मामा काही बोललेच नाहीत! मी इथंच बसलोय त्यांच्याजवळ!"

"साफ बोलले," तो म्हणाला. "हाव म्हणाले. तू कायले मधात पडतं?"

त्यानंतर त्यानं माझाही नंबर ब्लॉक केला.

त्या खोलीत कोणी एक अक्षर बोललं नव्हतं. मी माझ्या आईची शपथ घेऊन सांगतो. मामांचं तोंड माझ्यापासून वीतभर होतं.

बऱ्याच वेळानं मामांचा आवाज परतला. पहिल्यांदा त्यांनी मलाच विचारलं.

"तुले ऐकू आलं काय?"

"नाही, मामा."

"मले आलं," ते म्हणाले.

कुठून आलं, हे विचारायची माझी छाती झाली नाही.