येऊ दे

लाइट काही एवढ्यात येत नाही. सातपूरची लाइट एकदा गेली की माणसाने वेल्डिंगचा चष्मा काढून ठेवावा आणि निवांत बसावं. बसा रे पोरांनो, त्या टायरांवर बसा. तुमच्या गाडीला विंच आज रात्री लागेल, नाहीतर उद्या सकाळी लागेल. डोंगर काय कुठे पळून चाललेत? पण मघाशी मी म्हटलं, मागच्या बाजूलाही एक चांगला दिवा लावू, तर तुम्ही एकमेकांकडे बघून हसलात. हसा. गोटीरामही याच शेडमध्ये असाच हसला होता.

गोटीराम गिरणाऱ्याचा. टोमॅटो करतो. माझा चांगला ओळखीचा, आणि ही गोष्ट त्याच्याच तोंडून ऐकलेली आहे, त्यामुळे पदरचं काही घालत नाही. त्याची हिरवी पिकअप म्हणजे क्रेट वाहून वाहून कंबर गेलेली गाडी. पावसाळ्यात डोंगरात फिरायला आलेल्यांच्या गाड्या चिखलात रुतल्या की लोक याला फोन करायचे, हा जाऊन ओढून काढायचा. तिथून वेड लागलं. मागच्या कमानीत जादा पाटे टाकून गाडी उंच केली. दातेरी टायर चढवले. पाण्यातून जाताना इंजिन बुडू नये म्हणून हवेची नळी पार टपापर्यंत वर नेली, गल्लीतली पोरं तिला सोंड म्हणायची. पुढे लोखंडी बंपर, बंपरमध्ये विंच, म्हणजे तार गुंडाळून गाडी ओढणारी मोटर, आणि टपावर दिव्यांची अशी लांब पट्टी की पेटवली की समोर दिवस उगवायचा.

त्याची बायको सुवर्णा म्हणाली, "अहो, मागं बी एखादा दिवा लावा की."

"मागं जायला कोण घेतं का गाडी?" गोटीराम हसून म्हणाला. सगळी हौस, सगळा उजेड पुढे.

तर मागल्या वर्षीचा पोळा. श्रावणातली अमावास्या. घरी बैल उरले नव्हते, म्हणून गोटीरामने पिकअपच्या आरशांना गोंडे बांधले आणि बंपरला हळदकुंकू लावलं. सुवर्णा गाडीला पुरणपोळीचा नैवेद्य दाखवत होती तेवढ्यात फोन वाजला. तिच्या माहेरची शेजारीण, फुलाबाई. माहेर हरसूलच्या पुढे, डोंगरात. तिथे सुवर्णाची आई नवसाबाई एकटीच राहायची. तापाने फणफणली होती, बोलत नव्हती. ॲम्ब्युलन्स आली होती, पण वाटेतल्या बुटक्या फरशी पुलावरून नदी वाहत होती, तशीच परत गेली.

सुवर्णाच्या हातातलं ताट खाली आलं. बाप लहानपणीच गेला, भाऊ नाही, बहीण नाही. माहेर म्हणजे ती एक म्हातारी.

"आपली गाडी जाईल," गोटीराम म्हणाला. त्याच्या बोलण्यात काळजी होती, पण खोटं कशाला बोलू, थोडी मिजासही होती.

आणि गाडी गेली की! फरशीवर पाणी बंपरच्या वर चढलं, सोंड वर श्वास घेत राहिली, दातेरी टायरांनी दगड धरले आणि पिकअप पलीकडे निघाली. गावात पोचेस्तोवर चांगलाच अंधार झाला होता. नवसाबाईला गादीसकट उचलून मागच्या हौद्यात निजवलं, वरून ताडपत्री बांधली. सुवर्णा आईचं डोकं मांडीवर घेऊन बसली. म्हातारीने एकदा डोळे उघडले, जावयाकडे पाहिलं आणि मिटले.

"पाणी लय चढलंय आता," फुलाबाई म्हणाली. "तुम्ही आपले वरच्या घाटानं जावा. लांब पडंल, पण कोरडं हाय."

आता त्या घाटाचं सांगतो. लग्न झालं तेव्हाच नवसाबाईने जावयाला बजावून ठेवलं होतं. "त्या घाटात एक वळण हाय. तिथं गाडी मागं घ्यायची पाळी आली तर सोता खाली उतरून बघायचं. पन कोनाला इचारायचं नाय."

फार वर्षांपूर्वी तिथे लाकडाचा ट्रक मागे येत होता. क्लीनर मागे उभा राहून सांगत होता, येऊ दे, येऊ दे. ड्रायव्हरने त्याच्या भरवशावर घेतली. ट्रक, लाकडं, दोघं माणसं, सगळं दरीत. "त्या पोराचं बस म्हनायचं राह्यलं," नवसाबाई म्हणाली होती. गोटीराम गालातल्या गालात हसला होता, कारण हा शिकलेला गडी.

घाट चढायला लागले आणि धुकं उतरलं. टपावरची पट्टी लावली तर समोर नुसती पांढरी भिंत. विझवली. साध्या दिव्यांवर, पहिल्या गिअरमध्ये, गोगलगायीसारखी गाडी चालली. मागून सुवर्णाचा आवाज येत होता, आईशी बोलत होती. "आलंच आई नाशिक. आलंच बघ." मग तोही येईनासा झाला. डोळा लागला असेल, गोटीरामला वाटलं.

एका वळणाच्या पुढे रस्ता संपला. दरड आली होती. चिखल, धोंडे, मुळासकट झाड. विंचने एखादं झाड ओढता येतं, डोंगर कसा ओढणार? वळणापाशी थोडी रुंद जागा होती. तिथवर मागे जायचं, गाडी वळवायची आणि नशिबावर हवाला ठेवून पुन्हा फरशी गाठायची, एवढंच हातात होतं.

आरशात पाहिलं. काळंभोर. मागच्या दिव्यांचा तांबूस उजेड धुक्यात हातभरही जात नव्हता.

उतरून बघायला हवं होतं. कळत होतं त्याला. पण मागे म्हातारीचा जीव टांगणीला, एकेक क्षण जड, आणि आयुष्यभराची सवय. आपण सगळेच करतो रे. गाडी मागे घ्यायची की खिडकीतून मुंडी बाहेर काढायची आणि ओरडायचं. त्याने मुंडी बाहेर काढली.

"येऊ दे का?"

त्याने विचारलं सुवर्णाला. निदान त्याच्या मनात तरी सुवर्णाच होती.

पाऊस. नुसता पाऊस.

आणि मग मागून...

"येऊ दे."

पुरुषाचा आवाज. कोवळा, थोडा घोगरा. पाठोपाठ पत्र्यावर दोन थापा. दोन थापा म्हणजे चल आणि एक थाप म्हणजे थांब, हे तुम्हाला मी सांगायला नको. गोटीरामला हायसं वाटलं. दरड बघायला कोणी गाववाला आला असेल. देवच पावला म्हणायचा.

त्याने रिव्हर्स टाकला.

"येऊ दे... येऊ दे..."

गाडी मागे सरकली. आवाज मागेच. आणखी सरकली. आवाज तेवढ्याच अंतरावर. ना जवळ, ना लांब.

"येऊ दे..."

बॅटरी नाही त्याच्याकडे, गोटीरामच्या मनात आलं. एवढ्या अंधारात याला दिसतं कसं?

"कोन हाय?" त्याने विचारलं.

गाडी आणखी हातभर मागे गेली.

"कुठल्या गावचं, भाऊ?"

"...येऊ दे."

आणि मग त्याला आठवलं. हे वळण. हेच.

 ब्रेक दाबायचा होता. पाय हलेना. खरंच हलेना. क्लचवरचा पाय जड, ब्रेकवरचा जड, जणू कोणी गुडघे धरून बसलंय. गाडी मागे चाललेली. सावकाश. आपल्या आपण.

"येऊ दे..."

"येऊ दे..."

थाप!

एक. एकच.

एवढी जोरात की अख्खा पत्रा झणाणला. डोक्याला काही कळायच्या आत पायाला कळलं. ब्रेक दाबला गेला. इंजिन आचका देऊन बंद पडलं.

...

त्याने हँडब्रेक ओढला. मग मोबाइलचा उजेड धरून खाली उतरला. मागे गेला.

डावं मागचं चाक अर्धं बाहेर होतं. त्याखालून माती सुटत होती. खडे खाली जात होते... पडल्याचा आवाज येत नव्हता.

पिकअपच्या मागे माणसाला उभं राहायला जागाच नव्हती. नुसती दरी.

"सुवर्णा," तो कसाबसा म्हणाला. "थाप तू मारली?"

ताडपत्री बाजूला झाली. तिचा चेहरा पांढराफटक. "मी? मी तर आईचे दोन्ही हात धरून बसलेय. तुमीच मारली ना? अन् तो कोन बोलत होता मगाधरनं?"

"आई कशी हाय?" एवढंच त्याने विचारलं.

"ताप उतरला वाटतं. अंग गार लागतंय."

त्याने विंचची तार पुढच्या एका उभ्या झाडाला गुंडाळली. हूक बसेना. बसला. मोटर कण्हायला लागली, तार ताणली, गाडी बोटाबोटाने पुढे यायला लागली. आणि मागून, दरीतून, पुन्हा...

"येऊ दे... येऊ दे..."

अगदी समजुतीने. लहान पोराला बोलवावं तसं.

बस म्हणावं, असं त्याला वाटलं. एकदा ओरडून बस म्हणावं. तोंडच उघडेना.  चाक रस्त्यावर आलं तशी तार गुंडाळत बसायलाही तो थांबला नाही, हूक काढून तशीच बंपरवर टाकली, गाडी वळवली आणि फरशीच्या वाटेला लागला. फरशीचं पाणी सोंडेच्या मुळाशी आलं होतं. घातली गाडी. पाण्याची भीती वाटायची त्याची ताकदच संपली होती.

नाशिकच्या दवाखान्यात पोचले तेव्हा उजाडत होतं. डॉक्टर तरुण होता. त्याने नाडी पाहिली, डोळे पाहिले, बोटं वाकवून पाहिली. वाकेनात.

"आजी गेल्या," तो हळूच म्हणाला. "आत्ता नाही. अंग पार ताठलंय. तुम्ही गावातून निघाल्यावर लगेचच गेल्या असतील."

सुवर्णाने हंबरडा फोडला. सबंध रात्र ती आईशी बोलत आली होती, हातात हात घेऊन बसली होती, आणि आई तिथे नव्हतीच. गोटीराम भिंतीला टेकून उभा राहिला. घाटातलं वळण किती उशिरा आलं, तो मनात मोजत होता. पुन्हा पुन्हा मोजत होता.

नर्सने चादर ओढायच्या आधी म्हातारीचे हात छातीवर घ्यायला धरले. डावा घेतला. उजवा धरला आणि ती थांबली.

"अहो, यांच्या हाताला काय लागलंय?"

डॉक्टरने हात उजेडात धरला. बाकी सगळं अंग मेणासारखं पिवळं, थंडगार. उजवा तळवा तेवढा लालबुंद, टम्म सुजलेला. आणि त्या तळव्याला पिकअपच्या पत्र्याचा हिरवा रंग चिकटलेला होता.