जबाबदार : सर्व संबंधित

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो आमच्या प्रिंटरपाशी उभा राहून एका कागदाची मागची बाजू वाचत होता.

मागची! पुढची बाजू वाचणारा माणूस एकवेळ साधा असेल. मागची वाचणारा नक्कीच नसतो.

आमचं ऑफिस म्हणजे नदीकाठी ठेवलेले चार पत्र्याचे कंटेनर. पुलाचं काम चालू होतं आणि मी तिथली नियोजन अभियंता. कुठलं काम कधी आणि कशाच्या आधी, ते सगळं माझ्या तक्त्यात. प्रिंटरमध्ये कागद मात्र कायम पाठकोरे, कारण आमचे स्टोअरकाका. एका बाजूने छापलेला कागद कुणी फेकला की त्यांचा जीव तीळतीळ तुटायचा. वापरलेला कागद ट्रेमध्ये, ट्रेमधून पुन्हा प्रिंटरमध्ये, हा त्यांचा कायदा.

"कोण हवंय आपल्याला?" मी विचारलं.

तो दचकला. चष्म्यावर पावसाचे थेंब, खांद्यावर झोळीसारखी बॅग, आणि डोक्यावर हेल्मेट... उलटं.

"तुमच्याकडे मागची बाजूच जास्त रंगतदार आहे हो," तो म्हणाला. "पुढे लिहिलंय, काम वेळेवर. मागे गेल्या वर्षीचंही काम वेळेवर. मग पूल अडलाय कुठे?"

मी कागद हिसकावून घेतला. "हेल्मेट उलटं घातलंय तुम्ही."

"अरे देवा... सकाळपासून?"

तो हसला. मी हसले नाही.

विद्यापीठातून आला होता. पीएचडीचा विषय, प्रकल्प व्यवस्थापनातली जोखीम आणि कार्यसंस्कृती. म्हणजे धोका समोर दिसत असूनही माणसं गप्प का बसतात, ते शोधायचं. तीन महिने आमच्यात बसून मुलाखती घेणार होता. परवानगी खुद्द मोठ्या साहेबांनी दिलेली.

मोठ्या साहेबांनी! संपलंच की मग. कुठेतरी पाणी मुरत होतं. कोण काय बोलतं ते साहेबांना हवं असणार, आणि हा चष्मेवाला त्यांचा कान.

घरी बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "अगं, दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. तू तर पाणीसुद्धा फुंकायला लागलीस."

बाबांना बोलायला काय जातंय! तोंड माझं पोळलं होतं. दोन वर्षांपूर्वी, आधीच्या कामावर, मी जोखीम नोंदवहीत खरी गोष्ट लिहिली होती. खाली स्वतःचं नावही लिहिलं होतं. काम लांबलं आणि खापर माझ्याच डोक्यावर फुटलं. आठ महिने जुन्या फायलींच्या खोलीत बसून धूळ खाल्ली मी.

या नोंदवहीत शेवटचा रकाना असतो, 'जबाबदार'. ज्याचं नाव त्यात, धोका त्याच्या गळ्यात. म्हणून आमच्याकडे सगळे एकच लिहितात, 'सर्व संबंधित'.

"दोनशे चौदा ओळी," तिसऱ्या आठवड्यात तो माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाला. "दोनशे चौदा वेळा सर्व संबंधित. हे गृहस्थ बसतात कुठे? मला त्यांची मुलाखत घ्यायचीय."

मला हसू फुटलं. अगदी खळखळून. आणि लगेच स्वतःचाच राग आला, कारण तो माझ्याकडे बघतच राहिला होता.

"तुम्ही हसता की..."

"हसणं दुरुस्तीला गेलं होतं, म्हणून गेला महिना बंद होतं."

"तुम्ही माझ्याकडे नेहमी असं का बघता? जणू मी तुमची छत्री पळवायला आलोय."

"म्हणूनच ती कपाटात आहे. कुलपात."

"हरकत नाही," तो म्हणाला. "मी किल्लीची वाट बघीन."

आगाऊ! पण दुसऱ्या दिवशी पाऊस भुरभुरत असताना तो फाटकाशी भिजत उभा दिसला, आणि ती छत्री मीच उघडली... का, ते मला विचारू नका. तो छत्री माझ्याच बाजूला धरत राहिला आणि त्याचा डावा खांदा चिंब झाला. मला त्याचाही संशय आला. माणसाला बोलतं कसं करायचं, हेही शिकवत असतील पीएचडीत.

तसं असेल तर शिकवणारे हुशार होते. कारण मी बोलले.

त्याला तिसऱ्या खांबापाशी नेलं. पंधरा दिवसांवर तिथे स्लॅबचं काँक्रीट होतं. तेवढं ओझं पेलायला तात्पुरते लोखंडी आधार उभे करायचे, आणि ते या भरावाच्या जमिनीवर. मी टाचेने माती दाबून दाखवली.

"ही माती चिखल नाही, पण भरवशाचीही नाही," मी म्हणाले. "खाली चाळीस माणसं असतील."

त्याने रेकॉर्डर स्वतःहून बंद केला. "नोंदवहीत आहे हे?"

"नाही."

"का?"

"नोकरी हवीय मला. आणि पुन्हा त्या फायलींच्या खोलीत..."

त्याने रेकॉर्डर बॅगेत टाकला. मग हळूच म्हणाला, "माझ्याकडून हे कुठेही जाणार नाही. पण तुम्ही सांगाल. मला वाटतं, तुम्ही सांगाल."

माझ्यावर इतका विश्वास बाबांनीसुद्धा कधी दाखवला नव्हता. त्या संध्याकाळी घरी जाताना मी गाणं गुणगुणत होते, हे कबूल करते.

आणि चारच दिवसांनी सगळं फिसकटलं. आठवड्याच्या मीटिंगमध्ये मोठे साहेब खुर्चीत रेलून म्हणाले, "आपल्यातल्या कुणालातरी वाटतं, माती चिखल नाही, पण भरवशाचीही नाही. कुणाला वाटतं बरं? वेळ आली की कळेलच."

माझं वाक्य. शब्दन् शब्द! मी समोर पाहिलं तर त्याचा चेहरा पांढराफटक.

बाहेर आल्या आल्या मी त्याला गाठलं. "मिळाली का बक्षिसी?"

"मी सांगितलं नाही."

"मग वाऱ्याने सांगितलं?"

"मला माहीत नाही. पण मी सांगितलं नाही."

"ते वाक्य मी या जगात एका माणसाला ऐकवलंय. एका! मूर्ख मी. मागची बाजू वाचणाऱ्या माणसाला..."

त्याने बॅगेतून रेकॉर्डर काढला. माझ्यासमोर माझ्या सगळ्या मुलाखती पुसल्या, एकेक करून. टिपणांची वही माझ्या हातात ठेवली. "माझं चौथं प्रकरण तुमच्यावर उभं होतं," तो म्हणाला. "राहू दे. तुमच्यापेक्षा ते मोठं नाही."

दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. मी स्वतःला बजावलं, बरं झालं, पीडा टळली. आणि दिवसातून दहा वेळा फाटकाकडे पाहिलं.

शनिवारी स्टोअरकाका ट्रेमधले कागद निवडत बसले होते. "ताई, हा बघा, दोन्ही बाजूंनी भरला. साहेबांच्या टेबलावरून आलाय. आता हा रद्दीत," ते म्हणाले, अगदी दुखवट्याच्या आवाजात.

सवयीने मी कागद हातात घेतला. पुढे त्या दिवशीच्या मीटिंगचे विषय. उलटून पाहिलं... आणि तो घेऊन मी उजेडाला दाराशी धावले.

माझी यादी! महिन्यापूर्वी धीर करून मी खऱ्या धोक्यांची एक बिननावाची यादी छापली होती. मग धीर सुटला. ती फाडायची सोडून मी, शहाणी, सवयीने ट्रेमध्ये टाकली होती. चौथी ओळ, 'माती चिखल नाही, पण भरवशाचीही नाही.' त्याखाली साहेबांची लाल रेघ.

साऱ्या दुनियेवर संशय घेतला मी. फक्त माझ्या स्वतःच्या हातावर घेतला नाही.

"काय झालं, ताई? पाणी आणू?"

"नोंदवही आणा, काका."

दोनशे पंधरावी ओळ मी उभ्यानेच लिहिली. तिसरा खांब, भरावाची माती, शक्यता जास्त, परिणाम जीवघेणा, उपाय आधी वजन ठेवून चाचणी. शेवटच्या रकान्यात माझं पूर्ण नाव. मग वही घेऊन साहेबांच्या पुढ्यात.

"म्हणजे तुम्ही होतात तर!" ते कडाडले. "परिणाम ठाऊक आहेत ना?"

"आहेत साहेब. तिसऱ्या रकान्यात लिहिलेत."

त्यांनी वही दूर सारली, पुन्हा ओढली, ती ओळ दोनदा वाचली. नाव लिहिलेली जोखीम नजरेआड करता येत नाही. काँक्रीट आठ दिवस पुढे गेलं, चाचणीचं वजन चढलं, आणि चौथ्या दिवशी आधार तीन बोटं खचले. खाली कुणीही नव्हतं. साहेब मला शाबास म्हणाले नाहीत, पण फायलींच्या खोलीची किल्लीही दिली नाही.

त्याच दुपारी मी विद्यापीठात गेले. दुसऱ्या मजल्यावरची त्याची अरुंद खोली, टेबलभर पुस्तकं. मला बघून तो उभा राहिला आणि पुस्तकांची एक चळत धाडकन खाली पडली.

मी तो लाल रेघेचा कागद त्याच्यापुढे ठेवला. उलटा. "मागची बाजू वाच."

'वाचा' नाही, 'वाच' म्हणाले होते मी. दोघांच्याही ते लक्षात आलं.

त्याने वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"चुकले मी," मी म्हणाले. "तुझी वही आणलीय. मुलाखत पुन्हा घे. यावेळी नाव लिहिलंस तरी चालेल."

"आणि संशय? तो गेला?"

"छे! तो जन्माचा आहे. तू दोन दिवस फोन केला नाहीस तर मी तिसऱ्या दिवशी इथे येऊन कपाटं तपासणार."

"दोन दिवस कशाला थांबतेस?" तो म्हणाला, आणि माझे कान तापले.

मग त्याने एक कागद पुढ्यात ओढला. मी आधी उलटून पाहिला.

"कोरा आहे गं," तो हसत म्हणाला.

त्याने पाच रकाने आखले. जोखीम, या रकान्यात लिहिलं, 'ही मला आवडते.' शक्यता, 'शंभर टक्के.' परिणाम, 'जन्मभर.' उपाय या रकान्यापाशी त्याचं पेन थबकलं... त्याने माझ्याकडे पाहिलं. मी पेन काढून घेतलं आणि लिहिलं, 'करायचा नाही.'

शेवटचा रकाना उरला. मी त्यात माझं नाव लिहिलं.

"त्या रकान्यात दोन नावं चालतात?" त्याने विचारलं.

"आजवर कुणी विचारलं नाही."

त्याने माझ्या नावाखाली स्वतःचं नाव लिहिलं, सावकाश, पूर्ण. मग कागद उचलून वाऱ्यावर वाळवत म्हणाला, "झालं. आता सर्व संबंधितांची नावं आली."