रुखमाबाईचा डावा हात

केनवडला आमची छोटी दाल मिल आहे, घराला लागूनच. दुपारी बारा वाजले की मी जेवायला घरी जातो, कारण माझी चार वर्षांची निकिता घास माझ्याच हातचा खाते. तिच्या आईनं भरवला तर तोंड फिरवते. या गोष्टीचा मला भारी अभिमान होता.

मिलमध्ये तुरीची डाळ निवडायला सात बाया बसायच्या. त्यांत रुखमाबाई सगळ्यांत जुनी. उजव्या हाताची बोटं लहानपणीच कडबा कापायच्या यंत्रात गेलेली, म्हणून ती डाव्या हातानं निवडायची. सुपात खडा दिसला की जिभेनं ‘च्’ करायची आणि त्याला कडेला सारायची. वीस वर्षांत तिच्या नजरेतून खडा सुटलेला मला आठवत नाही.

मागच्या दिवाळीनंतर मी कॅमेऱ्याचं मशीन आणलं. वरून डाळ पडते, कॅमेरा एकेक दाणा पाहतो आणि वाईट दाण्याला हवेचा झोत बाजूच्या पोत्यात उडवतो. पण चांगलं कोणतं नि वाईट कोणतं, हे त्याला आधी कुणीतरी दाखवावं लागतं.

"मशीनले शिकवा तुमी," मी रुखमाबाईला म्हटलं. "मंग खुर्चीत बसून त्याच्यावर ध्यान ठेवाचं काम तुमचंच."

लाल प्लास्टिकची नवी खुर्चीसुद्धा आणून ठेवली. तीन दिवस ती मशीनला दाणे दाखवत बसली. चौथ्या दिवशी मी सातही जणींना घरी पाठवलं. मी खोटं बोललो होतो, आणि बोलताना मला ते माहीत होतं.

ती भांडली नाही. पदराला हात पुसत म्हणाली, "शिकवलं म्या त्याले, दौलतभाऊ. आता ते माहंच आयकन."

साठीची बाई मुलाबरोबर ऊसतोडीला गेली. संक्रांतीनंतर तिकडेच, फडात काम करताना वारली.

ती बातमी आली त्या सकाळी मी माझ्या हातानं एक पोतं मशीनमध्ये ओतलं. सगळी डाळ बाजूच्या पोत्यात गेली. डाळ तर सोन्यासारखी होती. मी काच पुसली, हवेचा दाब तपासला, मशीनला दोन शिव्या हासडल्या. पुन्हा तेच.

मशीन चालवणारा लखन म्हणाला, "थांबा, मी टाकून पाह्यतो."

त्यानं त्याच डाळीतली ओंजळ टाकली. एकूण एक दाणा चांगल्यात गेला. मग मी टाकली. एकूण एक दाणा बाहेर. हातमोजे घातले, टोपल्यानं ओतली. बाहेर.

झोताचा आवाज रोज ‘फट्’ असा यायचा. त्या दिवशी तो वेगळा होता. लखननं मशीन बंद केलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "भाऊ, हे ‘च्’ करून राह्यलं. तुमी हात नका लावू याले."

मी माझ्याच मिलच्या दाराबाहेर बसू लागलो. बसायला ती लाल खुर्चीच होती. राग यायचा, आणि रागाखाली भीती.

काल बारा वाजता घरी गेलो. माझी बायको, वर्षाराणी, हिनं निकिताच्या ताटात भात वाढला होता. मी माझ्या ताटातला घास कालवून निकितापुढे धरला.

तिनं तोंड उघडलं नाही.

घास मी तिच्या भातावर ठेवला. ती ताटावर वाकली आणि दाणे एकेक करून कडेला सारू लागली. फक्त माझे. आईनं वाढलेल्या भाताला तिनं धक्काही लावला नाही.

"काहून वं?" वर्षाराणी म्हणाली. "बाबाच्या हातचं हाय ना."

निकितानं जिभेनं ‘च्’ केलं.

पोर एरवी सगळं उजव्या हातानं करते. निवडत होती डाव्या हातानं.

उजवा हात मांडीवर होता, बोटं आत मुडपलेली. मी ती हळूच सोडवून पाहिली.

उघडली नाहीत.