मागची सीट रिकामी होती

ही घटना भर दुपारची आहे.

हे आधीच सांगून टाकतो. भुताचं नाव काढलं की लोक रात्र आणि अमावस्या धरून बसतात. इथं तसलं काही नव्हतं. डोक्यावर मे महिन्याचं ऊन होतं आणि रस्ता चांगला वाहता होता.

ज्यांच्या बाबतीत घडलं ते नंदकुमार महाजन, माझे सख्खे मावसे, मावशीचे यजमान. बऱ्हाणपुरात लोधीपुऱ्यात त्यांचं दुकान आहे. उभं आयुष्य शेतातल्या पंपांच्या मोटारी दुरुस्त करण्यात गेलं. आता बॅटरीवरच्या स्कूटर दुरुस्त करतात. गप्पा छाटणारा माणूस नाही. मीटर जेवढं दाखवेल तेवढंच खरं मानणारा.

त्यांनी हे मला एकदाच सांगितलं. परत विषय काढला तर उठून जातात.

१९ मे २०२२. गुरुवार. सकाळी दहाच्या सुमारास कोकिळाताई चौधरी आपली स्कूटर ढकलत दुकानावर आल्या. शाहपूरला एका खाजगी दवाखान्यात त्या नर्स. रोज याच गाडीवर जाणं-येणं.

"भाऊ, चालता चालता मोटर बंद पडते हो. मग दोन मिनिटांनी आपोआप चालू. काल मागून केळीचा ट्रक येत होता... बराबर माझ्या मागं. कशी वाचले माझं मला माहीत."



"कधीपासून होतंय?"

"दहा तारखेपासून."

तारीख एवढी पक्की कशी, असं मावशांच्या मनात आलं. पण त्यांनी विचारलं नाही.

गाडी डबल स्टँडवर घेतली. चाक फिरवलं. मोटर मस्त चालू. अर्धा तास फिरवत ठेवली, एकदाही बंद पडली नाही.

असा चालू-बंद होणारा फॉल्ट म्हणजे डोकेदुखी. तुमच्यासमोर कधीच येत नाही. मावशांनी एकेक करून सगळं पाहिलं. बॅटरीच्या वायरी जोडणारं कपलर काढून घासून लावलं. थ्रॉटल बदलून पाहिला. ब्रेक दाबला की मोटर तोडणारा स्विच असतो, तो कधी कधी अडकतो. तो नवीन टाकला. मोटरच्या बारीक वायरी हलवून, वाकवून, ओढून पाहिल्या. कंट्रोलरसुद्धा दुसरा लावला.

कशात काही नाही.

"ताई, संध्याकाळी घेऊन जा. दुपारी मी रस्त्यावर चालवून बघतो."

करंट मोजायचं मीटर हँडलला बांधून मावसे साडेबाराला निघाले. एकटेच. शाहपूरच्या रस्त्याला लागले. दोन्हीकडे केळीच्या बागा. हवा भाजत होती. पानं जागच्या जागी थिजलेली.

पहिले पाच-सहा किलोमीटर गाडी पाण्यासारखी चालली.

मग...

गाडी दबली.

म्हणजे एखादं माणूस चालत्या गाडीवर मागून टेकलं की कसं जाणवतं, अगदी तसं. हँडल किंचित हलकं झालं. मागचं चाक बसलं.

मावशांनी वळून पाहिलं.

कोणी नव्हतं.

मीटरकडे पाहिलं. सपाट रस्ता, वेग तोच. आणि करंट जवळजवळ दुप्पट! दोन माणसं घेऊन चढ चढताना ओढावा तसा. मोटर कण्हायला लागली. आकडा चढत गेला, चढत गेला...

आणि मोटर बंद.

मागून हॉर्न वाजला. मावशांनी कशीबशी गाडी कडेला घातली. ट्रक अंगाला वारा घालून गेला.

मावसे उतरले. साइड स्टँड लावला. सवयीनं वाकून मागच्या स्प्रिंगा पाहिल्या. माणूस उतरलं की त्या लगेच वर येतात.

त्या दबलेल्याच होत्या.

मावसे बघत राहिले. एक मिनिट गेलं असेल.

मग... कर्र...

हळूच, अगदी हळूच गाडी वर आली. जसं कोणी म्हातारं माणूस हाताचा आधार घेत उतरावं.

मावसे सांगत होते, "घाम आटला माझा. त्या उन्हात."

चालू करावी की ढकलत न्यावी, या विचारात ते उभे होते. तेवढ्यात बांधावरून एक म्हातारा शेतकरी आला. डोक्याला पंचा. "भाऊ, बऱ्हाणपूरपर्यंत सोडता का?" मावशांना तर कोणी सोबत हवंच होतं. म्हणाले, बसा.

म्हातारा बसला आणि लगेच चुळबुळला.

"काय झालं बाबा?"

"एवढ्या उन्हात गाडी उभी होती ना? मग सीट गार कशी?"

 गाडी चालू केली.

आणि गाडी सुरेख चालली. आता तर खरोखर दोन माणसं होती, तरी मीटर जागेवर. एकदाही झटका नाही की बंद पडणं नाही. म्हाताऱ्याला चौकात उतरवलं आणि पुढच्या वळणावर...

गाडी पुन्हा दबली.

दुकान दोनशे पावलांवर होतं. ती दोनशे पावलं मावशांनी गाडी ढकलत नेली. मागं वळून न बघता.

संध्याकाळी कोकिळाताई आल्या. मावशांनी त्यांना स्टुलावर बसवलं, पाणी दिलं.

"ताई, खरं सांगा. मागं कोणी बसलेलं असलं की गाडी बंद पडते?"

त्या जरा आठवून म्हणाल्या, "नाही. वंदना, आमची रिसेप्शनवाली, तिला घेते कधी कधी. तेव्हा नाही पडत."

"आणि एकट्या असल्या की पडते."

"हो."

"नऊ-दहा तारखेला काय झालं होतं?"

कोकिळाताईंचा चेहरा उतरला. त्यांनी ग्लास खाली ठेवला.

"नऊ तारखेला दुपारी मी घरी येत होते. आदल्या रात्री लाईट नव्हती, गाडी अर्धीच चार्ज झालेली. येताना बॅटरी अगदी शेवटच्या खुणेवर. मतलब, घरापर्यंत पोचते की नाही हीच धाकधूक. आणि रस्त्यात एका म्हातारीनं हात केला."

"मग?"

"नाही थांबले. डबल सीट घेतली असती तर गाडी रस्त्यातच राहिली असती, भाऊ. तिनं हात केला, काहीतरी बोललीही. तोंड हललेलं दिसलं मला. पण मी ऐकलंच नाही. आरशात पाहिलं तेव्हा ती माझ्या मागं दोन पावलं चालत आली होती."

त्यांनी पदर तोंडाला लावला.

"दुसऱ्या दिवशी दवाखान्यात कळलं. तिथंच, रस्त्याच्या कडेला सापडली. उन्हाची लू लागून गेली. सोजरबाई नाव तिचं. मी नर्स आहे हो, भाऊ. रोज लोकांना सांगते, उन्हात फिरू नका, पाणी प्या. आणि मी नाही थांबले."

 मोटरचा फॉल्ट मावशांना कळतो. हा कुठल्या मीटरवर बघायचा?

शेवटी ते म्हणाले, "तिला कुठंतरी जायचं असेल. मी चौकशी करतो. जागा कळली की आपण दोघं तिला तिथं नेऊन सोडू. तोवर मागच्या सीटवर गव्हाचा कट्टा, भरलं पोतं, बांधून चालवा. जागा रिकामी ठेवू नका."

कोकिळाताई मान हलवून गेल्या.

मावशांना चौकशीला वेळ लागला. दुकानात लग्नसराईची गर्दी. जूनच्या पहिल्या आठवड्यात एका पंपवाल्याकडून पत्ता लागला. सोजरबाईचा मुलगा निंबा. मूळ गाव डोईफोडिया, पण शाहपूरच्या अलीकडे एका केळीच्या मळ्यात सालदार म्हणून राहायचा. वर्षाच्या कामावर ठेवलेला गडी.

मावसे गेले तेव्हा निंबा झोपडीपुढं बसून दोर वळत होता. सोजरबाईचं नाव काढलं तसा त्याचा हात थांबला.

"तुमची आई त्या दिवशी कुठं निघाली होती?" मावशांनी विचारलं. "कोणाकडं जायचं होतं तिला?"

निंबानं मान वर केली नाही.

"कुठंच नाही. घरात भांडण झालं होतं. माह्या बायकोचं अन् तिचं. मी पण बोललो, नाही बोलायले पाहिजे ते. मायले म्हटलं, जाय, जिकडं जायचं तिकडं जाय. तिनं चपला घातल्या. पाणी पण नाही पिली."

"काही सांगून गेली का?"

 आतून त्याची बायको डोकावली आणि परत आत गेली.

"दारात उभी राहून बोलली. मले सगळं आठवते, भाऊ. म्हणे, आता या घरात पाय नाही ठेवत. रस्त्यावर उभी राहीन. जो मले गाडीवर बसवून नेईल... त्याच्याच घरी राहीन."

मावसे उठले. राम राम सुद्धा म्हणायचं राहिलं.

येताना पूर्ण रस्ता एकच विचार. हे कोकिळाताईंना सांगायचं कसं? सांगायचं म्हणजे काय सांगायचं? त्यांनी ठरवलं, आज नको. उद्या बघू. उद्याचं परवावर गेलं.

परवा कोकिळाताईच आल्या.

गाडी दुकानापुढं थांबली, आवाज न करता, अगदी फुलासारखी. आणि ताई हसत होत्या. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

"भाऊ, गाडी बरी झाली! पंधरा दिवस झाले. एकदाही बंद नाही. एका चार्जिंगमध्ये पहिल्यासारखी सत्तर किलोमीटर."

मावशांच्या हातातला पाना तसाच राहिला.

"कट्टा बांधला होता ना?"

"नाही बांधला." ताईंचा आवाज खाली आला. "बांधायला गेले होते. पण मन खायला लागलं. एकदा तिला जागा नाही दिली, आता परत तिची जागा अडवू का? म्हणून रिकामी सीट घेऊनच गेले. दवाखान्यापाशी थांबून विचारलं, आजी, इथं उतरायचं का? बसस्टँडवर विचारलं. देवळापाशी विचारलं. गाडी जडच. लोक बघायचे माझ्याकडं."

"मग?"

"मग घर आलं. मी दारात उभी राहिले. म्हटलं, आजी, आता हे माझंच घर. याच्यापुढं कुठं नेऊ तुम्हाला? उतरा आता, या."

त्यांनी स्कूटरच्या सीटवरून हात फिरवला.

"आणि भाऊ, खरं सांगते... गाडी हलकी झाली. माझ्या हाताखाली वर आली. मी तिथंच रडले. सुटली बिचारी."

 निंबाचं बोलणं मावशांच्या जिभेवर आलं होतं. समोर ताईंचा चेहरा होता. महिनाभरानं जरा झोपलेला माणूस दिसतो तसा.



"बरं झालं," मावसे एवढंच म्हणाले.

ताईंनी स्कूटर वळवली. जाता जाता म्हणाल्या, "या ना भाऊ एकदा घरी चहाला, वहिनींना घेऊन. यजमान गेल्यापासून घर खायला उठायचं मला. आता काय माहीत का... तसं एकटं वाटत नाही."

या गोष्टीला आता बराच काळ झाला. मावसे त्या चहाला अजून गेलेले नाहीत. ताईंना खरं सांगितलेलंही नाही. मी एकदा विचारलं, का नाही सांगत?

मावसे हातातली वायर सोलत होते.

"ताईंनी स्वतःच्या तोंडानं 'या' म्हटलंय रे," ते म्हणाले. "आता मी कोण सांगणारा, जा म्हणून?"