पूल मोकळा झाला तेव्हा

"सिस्टर, हा रिपोर्ट डॉक्टरबाईले द्या... लवकर!"

शर्टाच्या आतून काढलेला कागद फरहतच्या हातात कोंबून तो पावसात मागे वळला.

"ओ, मी सिस्टर नाई जी! चंद्रपूरहून आली... कॉम्प्युटरसाठी."

तो थांबला. "म्हणजे तो प्रोग्रॅम तुमचा? मग तुमच्यापायीच लॅबपासून इथवर पळून राह्यलो मी!"

फरहत ओशाळली, अन् कागद घेऊन स्वतःच आत धावली. एका बाळंतिणीला रक्त द्यायचं होतं. रक्तगट कळत नव्हता, म्हणून सगळ्यांचे हात अडले होते.

कागद घेऊन पळणारा तो ताबिश; भामरागडच्या त्या दवाखान्यात लॅब सांभाळायचा. तिथल्या सर्व्हरवर लॅब, औषधं, केसपेपर अशा सेवा आपापल्या कंटेनरमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या बंद कप्प्यांत चालत. कोणती सेवा बाहेरच्या कोणत्या पोर्टवर, म्हणजे कोणत्या नंबरच्या दारावर मिळेल, हे एकेका ओळीत लिहिलेलं असे. त्या ओळी वाचणारा प्रोग्रॅम फरहतचा. लॅबच्या ओळीवर तो अडायचा, अन् रिपोर्ट डॉक्टरबाईंच्या पडद्यावर पोचत नसे. का, हे शोधण्यात तिची दुपार गेली.

"चूक माझीच," ती म्हणाली. "ओळीत दोनच आकडे असतील, असं मी धरून चालली—बाहेरचा पोर्ट, मग आतला. तुमच्या ओळीत आधी मशीनचा पत्ता आहे. माझा प्रोग्रॅम त्या पत्त्यालेच पोर्ट समजला."

"होते जी गलती. मीही तुमाले सिस्टरच समजलो ना!"

तिनं हसू ओठांत दाबलं. ओळ उजवीकडून वाचायची, पोर्ट काढून उरेल तो पत्ता—एवढं बदललं, अन् डॉक्टरबाईंच्या पडद्यावर रिपोर्ट उमटला.

पण तोवर पर्लकोटा नदीच्या पुलावर पाणी चढून चंद्रपूरची वाट बंद झाली होती. फरहत नर्सांच्या खोलीत राहिली. बाकीच्या ओळी तपासत बसली, की ताबिश चहा घेऊन येई, अन् कप रिकामे झाले तरी उठत नसे.

"रिपोर्ट तर आता आपोआप येतात," डॉक्टरबाई एकदा दारातून म्हणाल्या, "मग तू काऊन चकरा मारून राह्यला रे?"

ताबिश कानापर्यंत लाल झाला. फरहतची बोटं कीबोर्डवर तशीच थबकली...

एका सकाळी ड्रायव्हर पोचू जीप घेऊन दारात उभा. "मॅडम, पूल तर कालच मोकळा झाला. कोणी सांगितलं नाई?"

ताबिशनं मान खाली घातली. "मले माहीत होतं... सांगवलं नाई."

"मीही काल नदीवर जाऊन पाहून आली," फरहत हळूच म्हणाली. "तुम्ही सांगाल... याचीच भीती वाटत होती."

त्यानं चटकन वर पाहिलं. "फरहत... अम्मीले घेऊन चंद्रपूरले येऊ? तुमच्या घरी?"

ती जीपमध्ये चढली. जीप निघाली, तसं तिनं ओढणी सावरत डोकं बाहेर काढलं.

"जुम्म्याले या! अब्बा घरीच असतात!"